घोड्याचे ऑपरेशन आणि चुकणारा ठोका

आपल्या वयात ऑपरेशन म्हटले की आधी ई.सी.जी. आलाच. घोड्याच्या ऑपरेशनमध्येही हृदयावर असेच लक्ष ठेवावे लागते, आणि खरी काळजी ऑपरेशन संपल्यावर सुरू होते.

अमेरिकेतली एक गोष्ट बघा. केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बारो या घोड्याचा पाय २० मे २००६ रोजी बाल्टिमोरच्या शर्यतीत मोडला. दुसऱ्या दिवशी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटर या जनावरांच्या इस्पितळात डॉ. डीन रिचर्डसन यांनी कित्येक तास ऑपरेशन केले. नंतर त्याला कोमट पाण्याच्या तलावात तराफ्यावर ठेवून शुद्धीवर आणले. कारण भुलीतून उठताना घोडा घाबरून धडपडतो आणि जोडलेला पाय पुन्हा मोडतो. १९७५ साली रफियन या नामांकित घोडीचे तसेच झाले होते.

पण धोका फक्त पायाला नसतो. घोड्याचे वजन साधारण पाचशे किलो. एवढे जनावर तासन् तास पाठीवर पडले की पोटाचा भार फुप्फुसांवर येतो, रक्तात प्राणवायू कमी पडतो. भुलीच्या औषधाने रक्तदाबही उतरतो. या सगळ्याचा ताण हृदयावर पडतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत चाळीस हजारांहून जास्त घोड्यांच्या भुलीची नोंद होती. त्यात शंभरातले जवळजवळ दोन घोडे सात दिवसांच्या आत दगावले, आणि त्यातल्या सुमारे एक तृतीयांश घोड्यांच्या मृत्यूचे कारण हृदय व रक्ताभिसरण बंद पडणे हे होते.

आता गंमत अशी, की घोड्याचा प्रत्येक चुकलेला ठोका वाईट नसतो. आपले हृदय मिनिटाला साठ ते शंभर वेळा ठोके देते, घोड्याचे विश्रांतीत अठ्ठावीस ते चाळीस. शांत उभा असताना त्याचा एखादा ठोका मधूनच गळतो. थोडे चालवले की ठोके पुन्हा नीट पडतात. शांत करण्यासाठी दिलेल्या झायलाझिनसारख्या औषधाने हे गळणे वाढते, आणि औषध उतरले की कमी होते.

काळजी करायची ती दोन प्रकारांची. पहिला आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या ओळखीचा, एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि नाडी अगदी बेताल होते. त्यावर क्विनिडीन देतात, नाहीतर भूल देऊन विजेचा झटका देतात.

दुसरा प्रकार जास्त घातक. खालच्या कप्प्यातून अवेळी आणि भराभर ठोके सुटतात. पोटशूळाच्या ऑपरेशननंतर हे विशेष दिसते. आतड्यातल्या जंतूंचे विष रक्तात मिसळते, पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी होते, आणि हृदय बिथरते. अशा वेळी डॉक्टर आधी सलाईनमधून हे क्षार भरून काढतात. जरूर पडली तर लिडोकेन किंवा मॅग्नेशियम शिरेतून देतात. लिडोकेन म्हणजे दात काढताना हिरडी बधिर करायला वापरतात तेच औषध.

म्हणून ऑपरेशननंतर अशा घोड्याच्या अंगावर ई.सी.जी.च्या तारा लावून ठेवतात, कधी पूर्ण चोवीस तास. नाडी, हिरड्यांचा रंग आणि रक्तातले क्षार पुन्हा पुन्हा तपासतात. माणूस निदान छातीत धडधडते म्हणून सांगतो. घोडा काय सांगणार?

बार्बारो त्या दिवशी भुलीतून सुखरूप उठला. पुढे खुरांच्या आजाराने २९ जानेवारी २००७ रोजी त्याला कायमचे झोपवावे लागले. ऑपरेशन चांगले झाले म्हणजे दुखणे संपले असे नाही. जनावराचे काय आणि आपले काय, नंतरची देखरेख तितकीच महत्त्वाची.