बचावपटू जोडीनेच पारखावा

आइस हॉकीच्या २०२१-२२च्या मोसमात कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच संघाचा बचावपटू केल मकार याने ७७ सामन्यांत २८ गोल केले आणि ५८ गोलांना हातभार लावला. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याला मिळाला, तो रास्तच. पण त्याच संघाच्या तक्त्यात आणखी एक रकाना आहे. खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा केले, पॉवर प्लेचे (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर असतानाचे) गोल सोडले, की मकारच्या नावावर अधिक ४८ उरतात. त्याचा जोडीदार डेव्हन टेव्ज याच्या नावावर अधिक ५२.

आइस हॉकीत सहा बचावपटू दोन-दोनच्या तीन जोड्यांनी खेळतात. एकेक पाळी जेमतेम पाऊण मिनिटाची. जोडी एकत्र आत येते, एकत्र बाहेर जाते. साहजिकच दोघांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. ते सुटे करायचे तर दोघं एकत्र असताना आपल्या गोलवर किती फटके आले आणि साथ सुटल्यावर किती आले, हे ताडून पाहावं लागतं. शिवाय समोर कोण होतं, हेही. तिसऱ्या जोडीचे सुंदर आकडे बऱ्याचदा दुबळ्या फळीविरुद्ध जमलेले असतात.

आपल्या मैदानी हॉकीत डावखुरी स्टिक नियमातच बसत नाही. बर्फावर मात्र ती सर्रास चालते आणि जोडी जुळवताना पहिला विचार तिचाच होतो. समजा, पक (खेळातली चकती) उजव्या कडेच्या कठड्याला घासत मागे आला. उजव्या हाताचा बचावपटू तो स्टिकच्या सरळ बाजूने घेतो, मान वर ठेवतो आणि लगेच पुढचा पास देतो. तिथे डावखुरा असेल तर त्याला पक उलट्या बाजूने घ्यावा लागतो, मैदानाकडे पाठ होते. तेवढ्यात प्रतिस्पर्धी अंगावर आलेला असतो. मी बचावपटू पाहतो तो याच क्षणी. अंगावर धडकणाऱ्याला टाळ्या मिळतात. दडपणाखाली पहिला पास नीट देणारा मला मोलाचा वाटतो. टेव्ज डावखुरा, मकार उजवा. आणि या टेव्जला कोलोरॅडोने २०२०मध्ये न्यू यॉर्क आयलंडर्सकडून नवे खेळाडू निवडण्याच्या ड्राफ्टमधल्या दुसऱ्या फेरीच्या दोन निवडींच्या बदल्यात आणलं होतं!

२०२२च्या बाद फेरीत सेंट लुईसविरुद्ध कोलोरॅडोचा बचावपटू सॅम्युएल जिरार्ड याच्या छातीचं हाड मोडलं. संघाबाहेर बसलेला ३५ वर्षांचा जॅक जॉन्सन आत आला. इथे प्रशिक्षक जॅरेड बेडनार यांचं मला कौतुक वाटतं. भोक बुजवण्यासाठी त्यांनी वरची जोडी फोडली नाही. अंतिम फेरीत जॅक जॉन्सन जॉश मॅन्सनसोबत आणि तरुण बोवेन बायरम अनुभवी एरिक जॉन्सनसोबत खेळला. तिन्ही जोड्यांत एक डावखुरा, एक उजवा. त्याआधी एडमंटनविरुद्ध त्यांचा हुकमी आक्रमक कॉनर मॅकडेव्हिड याला अडवण्याचं काम मुख्यतः टेव्ज-मकारवर होतं; ती मालिका ४-० सुटली. पुढे टॅम्पा बेला ४-२ हरवून स्टॅन्ली कप आला.

बाद फेरीच्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडकही मकारलाच मिळाला. टेव्ज मात्र माझ्या लेखी त्या मोसमातला सर्वांत कमी दाद मिळालेला बचावपटू आहे.