दिवाळीची वाकळ: ऑर्डर घ्या, पण आधी तास मोजा

व्हिडिओत फळ्यावर मांडलेला हिशोब इथं लिहून देतोय. वही-पेन घेऊनच बसा.

नांदेड-लातूरकडं वाकळ शिवणारे हात गावोगावी आहेत. चार जुनी लुगडी, सुई आणि दोरा. म्हणून वाटतं, या धंद्याला भांडवल लागत नाही. लागतं. तुमचे तास हेच भांडवल आहे, आणि नेमकं तेच आपण फुकट देऊन टाकतो.

समजा, पाच बाय साडेसात फुटांची चारपदरी वाकळ आहे. कडेपासून आत आत जाणारा हाताचा धावदोरा. वेळ 40 तास. दोरा, धुणं, पिशवी मिळून खर्च 250 रुपये. शेजारणीनं ओळखीत 800 दिले. उरले 550. भागिले 40, म्हणजे ताशी पावणेचौदा रुपये! एवढ्या पैशात दुसऱ्याच्या रानात सोयाबीन काढायला जाल का?

आता ताशी 50 धरा. मजुरी 2000, खर्च 250, वर 15 टक्के नफा. भाव झाला साधारण 2600.

"एवढी महाग? यापेक्षा स्वस्त ब्लँकेट मिळतं की!" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. त्यांना ब्लँकेटच हवंय. तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे. आई गेली, तिची लुगडी पेटीत पडून आहेत, आणि भाऊबीजेला भावाला काय द्यावं हे बहिणीला सुचत नाही. ती बाई तुमच्याकडं येईल.

आणि इथंच जबाबदारी वाढते. ते लुगडं एकदा कापलं की परत मिळत नाही. म्हणून तीन नियम पाळा. एक, कापड घेताना फोटो काढा आणि कुठला काठ, कुठला पदर वर हवा ते वहीत लिहा. दोन, रंग जातो का बघायला आधी कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबा. तीन, निम्मे पैसे आगाऊ घ्या. उरलेल्या चिंध्याही परत द्या, त्या तुमच्या नाहीत.

तारखेचं काय? दसरा ते दिवाळी जेमतेम वीस दिवस. रोज तीन तास शिवलं तर एका वाकळीला चौदा दिवस जातात. म्हणजे दसऱ्यानंतर एका हाताला एकच ऑर्डर. गणपतीत सुरुवात केली तर आठ आठवडे मिळतात, कागदावर चार वाकळी. पण मध्येच सोयाबीनची काढणी येते, परतीच्या पावसात कापड वाळत नाही. म्हणून तीनच घ्या. चौथीला प्रेमानं सांगा, "ताई, तुमची संक्रांतीला देते."

आजचा गृहपाठ: घड्याळ लावून हातभर वाकळ शिवा आणि मिनिटं लिहा. माझे 40 तास विसरा, भाव तुमच्या तासांवर काढा.