फिल्टर घेण्याआधी पाणी ओळखा

बीड शहराच्या नळाला माजलगाव धरणाचं आणि बिंदुसरा प्रकल्पाचं पाणी येतं. त्यात खंड पडला की बोअर किंवा टँकर. या प्रत्येक पाण्याचे दोष वेगळे असतात, म्हणून फिल्टरही वेगळा लागतो.

धरणाच्या पाण्यात पावसाळ्यात गाळ आणि जंतू येतात. गाळासाठी सेडिमेंट फिल्टर, क्लोरीनच्या वासासाठी कार्बन आणि जंतूंसाठी यूव्ही पुरेसं असतं. मात्र यूव्हीचे किरण गढूळ पाण्यात नीट शिरत नाहीत. पाणी आधी गाळून नितळ झालेलं हवं.

बोअरचं पाणी बहुधा जड असतं. भांड्यांवर पांढरे डाग पडतात, डाळ लवकर शिजत नाही. विरघळलेले क्षार, फ्लोराईड, नायट्रेट ना उकळून जातात, ना यूव्हीने; तिथे आरओ लागतं. भारतीय मानकानुसार विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालतात. टीडीएस मीटरला जंतू मात्र दिसत नाहीत. आकडा कमी म्हणजे पाणी निर्जंतुक, असं समजू नका.

घरगुती आरओ शुद्ध पाण्यापेक्षा बरेचदा जास्त पाणी बाहेर टाकतं. दुष्काळी जिल्ह्यात ते बादलीत धरून फरशी आणि संडासासाठी वापरलंच पाहिजे.

आधी प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या, मगच यंत्र निवडा. आणि कँडल, मेंब्रेन वेळेवर बदला. न बदललेल्या फिल्टरमध्येच जंतू वाढतात.