पाणी वापर संस्थांचे ऐक्य आणि शासनाचे पाणीधोरण

कालव्याच्या मुखाशी ज्याची जमीन आहे, त्या शेतकऱ्यास पाण्याच्या धोरणाविषयी फारसा विचार करावा लागत नाही. पाट सुटला की पाणी त्याच्या बांधाशी येते. विचार करावा लागतो तो शेवटच्या चारीवरील शेतकऱ्यास. नमुना नंबर ७ चा अर्ज त्याने वेळेवर भरलेला असतो, मंजुरीही मिळालेली असते. परंतु आवर्तन संपत आले तरी चारी कोरडीच राहते. त्याने एकट्याने केलेल्या अर्जास तक्रार म्हणतात व ती फाइलीत जाऊन पडते. हीच गोष्ट अनेक संस्थांनी मोजमापाच्या आकड्यांसह एकमुखाने मांडली, म्हणजे तिचा नियम होऊ शकतो. नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर बांधलेले वाघाड धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच्या उजव्या कालव्याच्या शेवटी निफाड तालुक्यातील ओझर परिसर येतो. लाभक्षेत्राच्या नकाशावर हा परिसर भिजलेला होता, प्रत्यक्षात मात्र तेथे फार थोडे पाणी पोहोचत असे. बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने तेथील शेतकऱ्यांना एकत्र केले आणि १९९०-९१ च्या सुमारास महात्मा फुले, बाणगंगा व जय योगेश्वर या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. त्याच काळात मुळा प्रकल्पावर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चांदा येथे, दत्त पाणी वापर संस्थेचाही असाच प्रयोग सुरू झाला होता.

ओझरच्या संस्थांनी पाटबंधारे खात्याशी जो करार केला, त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पूर्वी पाणीपट्टी पिकानुसार व क्षेत्रानुसार आकारली जाई. त्यामुळे एका पाळीला दुप्पट पाणी घेणारा व काटकसरीने घेणारा, दोघेही सारखीच पट्टी भरीत. आता खाते संस्थेच्या दाराशी पाणी मोजून देणार व संस्था तेवढ्याच पाण्याचे पैसे भरणार, असे ठरले. दुसरे असे की, कोणते पीक घ्यावे याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याकडे आले. आपल्या वाट्याच्या पाण्यात गहू करावा की भाजीपाला, की द्राक्षबाग लावावी, हे ज्याने त्याने ठरवावे. नाल्यांवर बंधारे घालून आवर्तनाचे पाणी जमिनीत मुरविण्याचे कामही या संस्थांनी केले. विहिरींना पाणी वाढले आणि दोन आवर्तनांच्या मधली ओढ पिकांना सोसेनाशी होण्याचे प्रकार कमी झाले.

पाणी मोजण्यास येथे इतके महत्त्व का, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. एक क्युसेक प्रवाह २४ तास चालला, तर ८६,४०० घनफूट म्हणजे सुमारे २,४४७ घनमीटर पाणी होते. एक हेक्टर जमिनीवर १० सेंटिमीटर पाणी उभे करण्यास १,००० घनमीटर लागतात. म्हणजे त्या एका दिवसाच्या प्रवाहात, वाटेत काहीच नाश झाला नाही असे धरले तर, जेमतेम अडीच हेक्टरचे भिजवण होते. कालव्याच्या मुखाशी किती सोडले व आपल्या चारीवर किती पोहोचले, हे दोन्ही आकडे ज्या संस्थेच्या वहीत आहेत, तिला गळतीविषयी वाद घालण्याचे कारण उरत नाही. ती वजाबाकी करून दाखविते.

तथापि तीन संस्थांच्या वह्या कितीही चोख असल्या, तरी कालवा एकच असतो. वरच्या गावांनी दारे उघडी ठेवली तर खालच्या संस्थेचा करार कागदावरच राहणार, हे उघड आहे. म्हणून खरे अवघड काम पुढचे होते, आणि ते खात्याशी नसून आपल्याच माणसांशी होते. ज्यास न मागता पाणी मिळते, त्याने मापात का यावे? ही समजूत घालण्यात एक तप गेले. अखेर वाघाडवर एकूण २४ संस्था झाल्या व २००३ मध्ये त्यांची मिळून प्रकल्पस्तरीय संस्था स्थापन झाली. धरणातील सिंचनाच्या पाण्याचे वाटप शेतकऱ्यांच्या हाती आले.

याच सुमारास राज्याचे धोरण वळण घेत होते. सिंचनाचे पाणी पाणी वापर संस्थांमार्फतच द्यावे, असा निर्णय शासनाने २००१ साली घेतला आणि २००५ साली ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम’ संमत झाला. घनमापन पद्धतीने पाणी, पीक-स्वातंत्र्य, तसेच लघुवितरिकेपासून प्रकल्पापर्यंत चढत्या पातळीच्या संस्था, ही त्यातील सूत्रे ओझर व वाघाडच्या शेतकऱ्यांना नवी नव्हती. संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या व शेवटच्या भागांस प्रतिनिधित्व मिळाले, तेही शेवटच्या चारीवरील अनुभवाचेच फळ मानावे लागेल. जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या जलक्षेत्र सुधार प्रकल्पाचा रेटाही या कायद्यामागे होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु केवळ बाहेरच्या रेट्याने आलेला कायदा पुस्तकात राहतो. हा कायदा राबवून दाखविता येईल असे धरण राज्यात आधीच होते.

कायदा झाल्याने सर्वत्र वाघाड झाले, असे मात्र मुळीच नाही. अनेक ठिकाणी संस्थेची नोंदणी झाली, फलक लागला आणि काम तेथेच थांबले. चाऱ्या दुरुस्त न करता ताब्यात घेतल्या, मोजणीचे फ्लूम फुटके राहिले, वरची संस्था खालच्या संस्थेशी बोलेनाशी झाली. याला खाते एकटे जबाबदार नाही. एकट्या संस्थेची ताकद आपल्या दाराच्या कुलपापुरतीच असते. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योग व त्यानंतर शेती असा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलून शेतीस उद्योगाच्या वर स्थान मिळाले. असे प्रश्न एका चारीच्या सभेत सुटणारे नव्हेत.

टंचाई वाटून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरील फडपद्धतीत पाणी कमी पडले की भिजवावयाचे फडच कमी करीत. प्रत्येकाची जमीन निरनिराळ्या फडांत असल्याने तूट सर्वांच्या वाट्यास येई. ज्या कालव्यावर आज अशी रचना नाही, तेथे संस्थांनी आपसांत ठराव करून ती आणावी लागते.

यासाठी योग्य वेळ पावसाळा संपतानाची होय. १५ ऑक्टोबरचा धरणसाठा पाहून कालवा सल्लागार समितीत रब्बी व उन्हाळी आवर्तने ठरतात. त्या बैठकीस प्रत्येक संस्थेचा अध्यक्ष स्वतंत्र मागणी घेऊन गेला, तर सर्वांत मोठ्या आवाजाची मागणी ऐकली जाते. त्याऐवजी कालव्यावरील सर्व संस्थांनी सप्टेंबरातच एकत्र बसावे, मागील वर्षाच्या वह्या समोर ठेवाव्यात, कोठे किती पाणी मुरले ते काढावे व तूट आल्यास कोणी किती सोसावयाची, हे लिहून त्यावर सह्या कराव्यात. कार्यकर्त्यांनी त्या बैठकीस हजर राहून आकडे जुळविण्यास साहाय्य करावे आणि पहिली सही शेवटच्या चारीवरील संस्थेच्या अध्यक्षाची घ्यावी.