पॅकेजच्या पोटात – ७ : बिल्ड पास झाला, आता लॉग उघडा

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की पॅकेज दर वेळी कोऱ्या वातावरणात का बांधतात. बांधून झालं की मागे उरतो लॉग, हजारो ओळींची साधी मजकुराची फाइल. बिल्ड फेल झाला तर ती सगळेच उघडतात, पहिला ‘एरर’ शोधतात आणि कामाला लागतात. रिव्ह्यू करणाऱ्याच्या हाती मात्र बहुतेक वेळा पास झालेल्या बिल्डचा लॉग येतो. त्यात शोधायला एरर नसतोच. पॅकेज जसं बांधायला हवं होतं तसंच बांधलं गेलं का, हे त्याला बघायचं असतं. लॉगची मांडणी या वाचकाचाही विचार करून व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

एकच ओळ घेऊ. ‘सीसी’, थोडी मोकळी जागा, पुढे ऑब्जेक्ट फाइलचं नाव. बस. मेकफाइल तयार करणाऱ्या ऑटोमेकने २००९ मध्ये १.११ या आवृत्तीत ही ‘सायलेंट’ सोय आणली. दिवसभर तोच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा कंपाइल करणाऱ्याला ती फार सोयीची, कारण वॉर्निंग लगेच नजरेत भरते. पण रिव्ह्यू करणाऱ्याला नेमका गाळलेला भागच हवा असतो. कंपायलरला कोणते फ्लॅग गेले? स्टॅक प्रोटेक्टर लागला का? की मूळ प्रकल्पाच्या मेकफाइलने स्वतःचे फ्लॅग लिहून डिस्ट्रोने दिलेले पुसून टाकले? असं झालं तरी बिल्ड अडत नाही, म्हणून ते कळतही नाही. डेबियनच्या पॉलिसीत त्यासाठीच लिहिलंय की ‘टर्स’ असं मुद्दाम सांगितलं नसेल तर बिल्डने होता होईल तेवढं सविस्तर बोलावं. ‘बीएलएचसी’ नावाचं एक छोटं साधन लॉगमधल्या कंपायलरच्या ओळी वाचून गळालेले सुरक्षा-फ्लॅग दाखवतं. लॉगच मुका असेल तर ‘नॉनव्हर्बोज बिल्ड’ एवढं सांगून ते हात टेकतं.

लॉग बोलका केला की गलका सुरू होतो. आठ-सोळा फाइली एकाच वेळी कंपाइल होत असतात, त्यामुळे एका फाइलीची वॉर्निंग दुसरीच्या कमांडखाली जाऊन पडते. ग्नू मेकच्या ४.० आवृत्तीत, २०१३ साली, ‘आउटपुट-सिंक’ आलं. प्रत्येक टार्गेटचं बोलणं धरून ठेवायचं आणि काम संपल्यावर एकगठ्ठा छापायचं. फेडोराने हा पर्याय आणि सविस्तर लॉग असं दोन्ही आपल्या मेकच्या मॅक्रोतच बसवून टाकलं आहे. मला ही पद्धत सगळ्यात पटते, कारण चांगली सवय कुणाच्या लक्षात राहण्यावर सोडलेली नाही. त्यांच्या कोजी या बिल्ड यंत्रणेत बिल्डसाठी लागणारी पॅकेजं बसवण्याचा लॉग आणि प्रत्यक्ष बिल्डचा लॉगही वेगळ्या फाइलींत असतात. छोटी गोष्ट, पण तिच्यामुळे शेकडो ओळी वाटेतून बाजूला होतात.

आवृत्ती बदलली की मात्र सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे तुलना. मागच्या आवृत्तीचा लॉग शेजारी ठेवून डिफ काढला, की बदललेलं तेवढंच दिसायला हवं. प्रत्यक्षात अनेकदा जवळजवळ प्रत्येक ओळ वेगळी निघते, कारण बिल्ड फोल्डरचं नाव बदललेलं असतं. डेबियनच्या एसबिल्डने यावर उपाय केला. लॉग लिहितानाच तो त्या बदलत्या पत्त्याच्या जागी एक ठरलेलं नाव घालतो, आणि तसं करतोय हे लॉगच्या सुरुवातीला सांगूनही टाकतो. वेळेचे शिक्के काढले आणि कंपाइलच्या ओळी क्रमाने लावून घेतल्या, की डिफ वाचण्याजोगा होतो.

हा खटाटोप कशासाठी, ते एका टिंबावरून सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या कॉम्प्रेशन साधनांत एक बदल आला. लिनक्सचं लँडलॉक हे सँडबॉक्स उपलब्ध आहे का, हे बघायला बिल्डची आखणी करणारा सीमेक एक छोटा सी प्रोग्रॅम कंपाइल करून पाहतो. त्या प्रोग्रॅमच्या मधोमध, एका ओळीवर, या बदलाने नुसतं एक टिंब घातलं. त्यामुळे तो कधीच कंपाइल होणार नव्हता. सीमेकने समजायचं की इथे लँडलॉक नाही, आणि सँडबॉक्स न जोडता पुढे जायचं. मार्चअखेर आंद्रेस फ्रॉइंड यांनी याच प्रकल्पातलं बॅकडोअर उघडकीस आणलं, त्यानंतरच्या शोधाशोधीत हे टिंबही सापडलं.

अशा बिल्डच्या लॉगमध्ये काय दिसणार? चाचणीचं नाव आणि पुढे ‘फेल्ड’. धडधाकट बिल्डमध्येही अशा ओळी कितीतरी असतात, त्यामुळे एकटा लॉग वाचणाऱ्याची नजर तिच्यावर अडणार नाही. मागच्या लॉगशी तुलना केली, तरच ती वेगळी दिसते. आणि चाचणी का फसली, म्हणजे कंपायलरने त्या टिंबावर ठेवलेलं बोट, ते सीमेक लॉगमध्ये छापत नाही, स्वतःच्या वेगळ्या फाइलीत लिहितो. ऑटोकॉन्फच्या ‘कॉन्फिग डॉट लॉग’चंही तेच. डेबियनचा डेबहेल्पर ही फाइल मुख्य लॉगमध्ये ओततो, पण कॉन्फिगर फेल झालं तरच. पास झालं, तर बिल्ड फोल्डर पुसताना तीही जाते. बिल्ड पास झाला तरी ती लॉगशेजारी जपून ठेवावी, आणि कोणती सोय चालू, कोणती बंद याची एक क्रमवार यादी लॉगच्या शेवटी छापावी, असा माझा आग्रह आहे.

पुढच्या आठवड्यात : पॅकेजच्या टेस्ट, आणि गुपचूप ‘स्किप’ होणाऱ्या टेस्ट.