गोळी स्वस्त, महिना महाग

रक्तदाबाची साधी गोळी दोन-तीन रुपयांना मिळते. त्या जोरावर ‘आपल्याकडे औषधं स्वस्तच आहेत, घेणाऱ्याला परवडतात’ असं सर्रास म्हटलं जातं. पण एका गोळीवर भागणारे रुग्ण थोडे. साठीच्या आसपास बीपीच्या जोडीला शुगर येते, मग कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ ठेवणारी, या सगळ्यांनी पित्त होऊ नये म्हणून आणखी एक. घरात असे दोघं असले की मेडिकलचं बिल किराण्याच्या बिलाशी बरोबरी करू लागतं, आणि ते दर महिन्याला, जन्मभर.

परदेशांच्या मानाने आपली औषधं स्वस्त आहेत, हे खरंच आहे. फक्त तिथल्या अनेक देशांत औषधाचा मोठा वाटा सरकार किंवा विमा उचलतो, आपल्याकडे तो घरातून जातो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के भाग लोक थेट खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा मोठी आहे, पण उरलेला भारही लहान नाही. दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या उपचारांत तर सर्वांत जास्त पैसा औषधांवरच जातो.

‘योजनेचं कार्ड आहे, मग काळजी कसली?’

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचा आधार मोठा आहे. मात्र दोन्ही मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. आयुष्मानमध्ये घरी सोडल्यानंतरची औषधं १५ दिवसांपर्यंत मिळतात, पुढची आपली आपण घ्यायची. म्हणजे अर्धांगवायूचा झटका आला तर दाखल झाल्यावरचा खर्च निघतो. जी बीपीची गोळी रोज घेतली असती तर तो झटका टळण्याची शक्यता होती, तिचे पैसे मात्र निघत नाहीत. मला या व्यवस्थेतली ही सर्वांत क्लेशदायक गोष्ट वाटते.

त्या रोजच्या गोळीसाठी सरकारी दवाखाना आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरची नेहमीची औषधं प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात. साठा संपला की ‘बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हाती पडते, हा अनेकांचा अनुभव आहे. तरीही तिथे नाव नोंदवून ठेवणं फायद्याचंच.

‘सरकारने किंमत बांधली आहे, जास्त घेताच येत नाही’

कमाल किंमत बांधलेली असते ती राष्ट्रीय आवश्यक औषध यादीतल्या औषधांची. २०२२ च्या यादीत ३८४ औषधं आहेत. यादीबाहेरच्या बहुतेक औषधांची किंमत कंपनी ठरवते. तिच्यावर बंधन एवढंच, की बारा महिन्यांत ती दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. सुरुवातच चढ्या भावाने केली असेल तर या बंधनाने रुग्णाच्या पदरात फारसं काही पडत नाही.

बांधलेली किंमतही कशी ठरते ते पाहावं. २०१३ पूर्वी उत्पादनखर्च धरून ती ठरायची. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने पद्धत बदलली. आता बाजारात किमान एक टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी काढतात आणि तीत विक्रेत्याचे १६ टक्के मिळवतात. औषध बनवायला किती खर्च आला, हा प्रश्नच हिशोबातून गेला. शिवाय घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे दर वर्षी वाढ घेता येते. १ एप्रिल २०२३ ला ती १२ टक्क्यांहून थोडी जास्त होती.

‘स्वस्त औषध म्हणजे हलकं औषध’

ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आजारी माणसाला जोखीम नको असते. २०१४ ते २०१६ च्या राष्ट्रीय औषध सर्वेक्षणात ४७,९५४ नमुने गोळा केले गेले. तपासणीत ३.१६ टक्के ठरलेल्या दर्जाचे नव्हते आणि ०.०२४५ टक्के बनावट निघाले. दर्जाचा प्रश्न आहे, हे यावरून कळतं. पण तो ब्रँडचं नाव पाहून सुटत नाही. स्वस्त औषधं विकणाऱ्या जनऔषधी केंद्रांत येणाऱ्या औषधांची प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच पुढे पाठवली जाते. तिथली किंमत आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या निम्म्याहून जास्त ठेवायची नाही, असं धोरण आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. थायरॉइड, फिट्स आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी औषधं यांत मात्रेचा थोडासा फरकही जाणवतो. तिथे दर महिन्याला कंपनी बदलू नये; बदलायचीच झाली तर डॉक्टरांना सांगून बदलावी आणि पुन्हा रक्ततपासणी लागेल का ते विचारावं.

‘जेनेरिक घेतलं म्हणजे पैसे वाचले’

इथे सर्वांत जास्त फसगत होते. मोठ्या कंपन्याही दोन प्रकारांनी माल विकतात. एका प्रकारात त्यांचे प्रतिनिधी डॉक्टरांना भेटतात आणि चिठ्ठीवर ब्रँड लिहिला जातो. दुसऱ्या प्रकारात, ज्याला दुकानात जेनेरिक म्हणतात, माल प्रतिनिधींशिवाय थेट घाऊक बाजारातून दुकानात येतो. या दुसऱ्या प्रकारच्या औषधावरही एमआरपी अनेकदा ब्रँडच्या जवळपासचीच छापलेली असते, दुकानदाराला मात्र ते कितीतरी कमी दरात पडतं. मधला फरक किती सोडायचा हे दुकानदाराच्या मर्जीवर. ‘वीस टक्के सूट’ ऐकून गिऱ्हाईक समाधानाने घरी जातं, आणि त्याच घटकाचं औषध जनऔषधीत पाव किमतीला असू शकतं.

म्हणून सुटीचे टक्के न पाहता घटकाचं नाव, मिलिग्रॅम आणि एका गोळीला पडणारी किंमत या तीन गोष्टी ताडून पाहाव्यात. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ ॲपवर नावानिशी किमती पाहता येतात.

दुकानदाराने स्वतःहून स्वस्त पर्याय द्यावा, ही अपेक्षाही कायद्यात बसत नाही. चिठ्ठीवरच लागणाऱ्या शेड्यूल एच आणि एक्स औषधांच्या जागी दुसरं औषध देण्याची नियमाने मुभा नाही, मग घटक तोच का असेना. डॉक्टरांनी जेनेरिक नाव लिहिण्याची सक्ती करणारे नियम ऑगस्ट २०२३ मध्ये आले आणि काही आठवड्यांतच स्थगित झाले. त्यामुळे किल्ली चिठ्ठीतच आहे. ‘डॉक्टर, घटकाचं नाव लिहून द्याल का?’ एवढं विचारायला संकोच नको. किंमत प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असतेच असंही नाही.

‘महागच औषध आहे, इलाज नाही’

पेटंट संपलं की चित्र बदलतं. मधुमेहाची एम्पाग्लिफ्लोझिन ही गोळी सुमारे ६० रुपयांना होती. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपताच इतर कंपन्यांच्या गोळ्या दहा रुपयांच्या आत आल्या. तरीही जुनी चिठ्ठी तशीच पुढे चालू ठेवणारी घरं असतील. वर्षातून एकदा तरी चिठ्ठी नव्याने तपासून घ्यावी ती यासाठी.

‘बरं वाटतंय, एक दिवसाआड घेऊ’

पैसे कमी पडले की लोक हे गुपचूप करतात. बीपी वाढलेला कळत नाही, शुगर हळूहळू डोळे आणि मूत्रपिंडं पोखरते, इन्शुलिन अर्धं केलं तर धोका काही दिवसांत समोर येतो. आणि डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडत नाही, म्हणून ते आणखी एक, अधिक महाग औषध वाढवतात. सगळ्या गोळ्या थोड्या थोड्या कमी करण्यापेक्षा संपूर्ण चिठ्ठी घेऊन जावं आणि स्पष्ट सांगावं की महिन्याला इतकेच रुपये जमतात. यातली कुठली एक दिवसही चुकवायची नाही आणि कुठली बंद केली तरी चालेल? टॉनिक, व्हिटॅमिन, पित्ताची गोळी यांतली काही नावं तेव्हा गळू शकतात. आणि महिन्याची सगळी औषधं एकदम घेणं जमत नसेल तर दहा दिवसांच्या सुट्या गोळ्या मागाव्यात. स्ट्रिप कापून दिली तरी पैसे गोळ्यांच्या प्रमाणातच घ्यायचे असतात.