पलंगाशेजारची कमोड खुर्ची
रात्री उठायला नको म्हणून खाबुऱ्यात मुलांकडे आलेली वडीलधारी मंडळी तिन्हीसांजेनंतर पाणीच टाळतात. इथल्या उन्हाळ्यात डॉक्टर म्हणून मला त्याचीच धास्ती वाटते. पलंगाशेजारी कमोड खुर्ची ठेवावी. घेण्याआधी, बसलेल्या माणसाच्या टाचेपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत टेपने मोजा. बैठक तेवढी उंच हवी. खुब्याचे ऑपरेशन झाले असल्यास सुमारे ५ सेंमी जास्त. चाके दिसायला सोयीची, पण गुळगुळीत फरशीवर उठताना खुर्ची सरकते. रबरी बूट लावलेले चार पाय बरे. अर्धांगवायू असेल तर खुर्ची धडधाकट बाजूला ठेवावी, पलंगाकडचा हात काढता येणारा घ्यावा. आणि भांडे लगेच रिकामे करा, कुरकुर न करता. कोणाकडे अशी खुर्ची पडून असल्यास स्वच्छ धुऊन ट्रस्टकडे द्यावी, ही विनंती.